मास्तरांना ऐकू येईल असा पिकअप

आमच्या गिटारचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. सलीमभाईच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात जुने नटबोल्ट साचतात ना, तसे ते साचत गेले. कुठल्या गाडीचे, कधीचे, कुणाला आठवत नाही, पण फेकवतही नाहीत. परवा एका पाहुण्यासमोर एकेक काढायला लागलो तर चहा दोनदा सांगावा लागला. शेवटी पाहुणा म्हणाला, लिहून ठेव रे बाबा, माझी बस चुकते.

आधी माणसं सांगतो. फार नाहीत. मी मालेगावला एका कृषी केंद्रात बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे; हे आम्हाला जन्मभर सांगावं लागतं. रविवारी दुपारी मी गिटार वाजवतो. सलीमभाई मोटारसायकली दुरुस्त करतो आणि ऑक्टोपॅड बडवतो. सुनंदाताईंचं शिवणकामाचं दुकान आहे, त्या गातात. बोर्डावर आम्ही स्वतःला ऑर्केस्ट्रा म्हणतो. बोर्डावर काय, काहीही लिहिता येतं.

आणि मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. आम्हा तिघांनाही त्यांनीच शिकवलं. मला आणि सलीमला गणित शिकवायचा प्रयत्न केला, गाणं मात्र खरंच शिकवलं. पूर्वी ते आमच्यात पेटी वाजवायचे. बोटं दुखायला लागल्यापासून समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, डोळे मिटून ऐकतात आणि गाणं संपलं की "वा" म्हणतात. माझी गिटारही त्यांचीच. शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यांनी नागपूरहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. मी नववीत असताना ती माझ्या गळ्यात अडकवली आणि परत कधी मागितली नाही.

ज्यांनी गिटार फक्त दुरून पाहिली आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. तारांच्या खाली एक चपटी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की ही डबी ती थरथर पकडते आणि ॲम्प्लिफायरकडे पाठवते. डबी बिघडली की गिटार म्हणजे नुसतं लाकूड. माझ्या गिटारला अशा दोन डब्या होत्या. एक कधीच मेलेली, आणि दुसरी घुमायची.

घुमायची म्हणजे किती, ते आता ऐका.

*

हिवाळ्यात आसेगावला एका साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, कार्यक्रम होता. दुपारची वेळ, मंडप भरलेला. स्टेजपासून वीस पावलांवर विजेची डीपी. आमचं तिसरं गाणं चालू असताना गिटारमधून एकदम "घुंऽऽ" असा आवाज निघाला. मी केबल हलवली, बटणं फिरवली, काही फरक पडेना.

पुढच्या रांगेतला एक काका कान टवकारून ऐकत होता. तो उठला. त्याच्या शेजारचे दोघं उठले. मग मागची अख्खी रांग. मला वाटलं माझ्या वाजवण्याचा निषेध चालू आहे. पाच मिनिटांत मंडपात फक्त बायका आणि लहान मुलं उरली.

मग कळलं. शेतीची थ्री फेज लाइन आली होती. कारण काय असेल ते असो, डीपीवर लोड आला की माझी गिटार घुमायची, आणि तो घुमणारा आवाज शेतकऱ्याला बरोबर ओळखू येतो. मोबाइलवरून मोटार चालू करणारे स्टार्टर आता आले आहेत, पण आसेगावात त्यातले निम्मे बंदच असतात. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं; सगळे पळाले.

सुनंदाताईंनी गाणं सोडलं नाही, शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं. त्यानंतर साक्षगंध मात्र अर्धा तास थांबलं. नवरीचे वडीलच मोटार चालू करायला गेले होते!

*

यानंतर पिकअप बदलायचा, एवढं नक्की झालं. पण घाई नव्हती. घाई आली ती पुढच्या एका रविवारी.

गॅरेजमध्ये प्रॅक्टिस चालू होती आणि लाइट गेली. ॲम्प बंद पडला. मी हाताला चाळा म्हणून तशीच गिटार वाजवत राहिलो. बिनविजेच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणजे भिंतीपलीकडचा डास. सलीम बाकावर बोटांनी ठेका धरून होता. मास्तर सहा फुटांवर, डोळे मिटून, मान हलवत बसलेले. मी थांबलो तसे म्हणाले, "वा, विनू. आज गोड वाजलं."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी ॲम्पकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा बंद होता.

सुनंदाताईंनी मास्तरांच्या खांद्याला हात लावून, तोंड समोर नेऊन हळूच सांगितलं की लाइट गेलेली आहे. मास्तरांनी वर बंद पंख्याकडे बघितलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "सुनंदाचा आवाज येते, दूर वावरातून हाक मारल्यासारखा येते. सलीमचं धमधम पायाले लागते. विनू, तुहं मले काहीच आयकू येत नाही."

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वयाने बारीक, टोकदार आवाज आधी जातात, मग बाकीचे. कानाचं मशीन घेतलं होतं, पण ते लावलं की भांडी घासल्यासारखा खणखणाट होतो म्हणे, म्हणून ते सदऱ्याच्या खिशात असायचं. दोन वर्षं ते माझ्या बोटांकडे एकदा बघून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अंदाजाने मान हलवायचे. आणि मी दर रविवारी ती "वा" खिशात घालून खुशीत घरी जायचो.

गुढीपाडव्यापर्यंत येतो, मग थांबतो, असं त्यांनी त्या दिवशी सांगून टाकलं. नुसती मान हलवायला कशाला यायचं?

मी आवाज वाढवून पाहिला. पूर्ण वाढवला. शेजारचा पंक्चरवाला येऊन भांडून गेला. मास्तर म्हणाले, आता घुंऽऽ तेवढं ऐकू येतं.

*

मेलेली डबी खोलून मी शेलूबाजारला राजूभाऊकडे नेली. राजूभाऊ विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतो. जळालेली कॉइल फोडून काढायची आणि नवी तार भरायची. त्याच्या हाताने भरलेली मोटार माणसाच्या आधी जात नाही, अशी त्याची ख्याती. पिकअप म्हणजे शेवटी कॉइलच, या हिशेबाने मी गेलो.

त्याने डबी तळहातावर ठेवून उलटसुलट केली आणि पहिला प्रश्न विचारला, किती एचपीची?

मी सगळं समजावलं. मास्तरांचंही सांगितलं. तो गंभीर झाला, चहा मागवला, चार दिवसांनी ये म्हणाला. चार दिवसांनी डबी तयार होती, वरून वॉर्निशसुद्धा मारलेलं. मी घरी येऊन बसवली, तारा छेडल्या. आवाज जवळजवळ नाहीच! फोन केला.

राजूभाऊने शांतपणे सांगितलं की आतली तार फारच हलकी होती, जळायचीच ती, म्हणून त्याने चांगली जाड तार टाकली आहे. जाड तार, म्हणजे वेढे किती बसणार? मोजून ऐंशी.

"भाऊ, पण आवाजच येत नाही न," मी म्हणालो.

"गरम तं होत नाही?" तो म्हणाला. "मंग पंधरा वर्षं पाहाचं काम नाही."

*

मग मी इंटरनेटवर गेलो, आणि तिथून माणूस लवकर परत येत नाही. पिकअप कसा निवडावा यावर जगात इतकी माणसं इतकी बोलतात की त्यातला एक जरी मला भेटला असता तर मी गिटार वाजवणं सोडलं असतं. एक म्हणतो आवाज वॉर्म हवा, दुसरा म्हणतो ब्राइट, तिसरा म्हणतो क्रीमी. रविवारी मी हे सगळे व्हिडिओ गॅरेजमध्ये मोबाइल स्पीकरला जोडून लावले. तीन पिकअप, एकच धून. सलीमला तिन्ही सारखेच वाटले. सुनंदाताई म्हणाल्या, पहिल्याने गाणाऱ्याला बोलू दिलं, दुसरा मध्येमध्ये बोलला, तिसरा भांडला. पहिला घे. मी आजवर इतका उपयोगी सल्ला ऐकलेला नाही.

पहिला घेतला. दोन कॉइलवाला; एकीची घुमघुम दुसरी खोडून काढते. पार्सल आलं आणि कळलं, की नवी डबी दुप्पट रुंद आणि घुमणाऱ्या डबीचं भोक जुनंच. सलीमने ते भोक मोठं करून द्यायचं कबूल केलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, मला बघवेना. आत ग्राइंडरचा आवाज येत होता. परत आलो तर त्याने इतकं मोठं भोक पाडलेलं की डबीच्या चारही बाजूंनी बोट जात होतं.

उद्या यापेक्षा मोठी घ्यायची झाली तर परत कापायला नको, असं त्याचं म्हणणं. गाड्यांच्या बाबतीत त्याचं हे धोरण मला माहीत होतं. माझ्या मोटारसायकलला त्याने एकदा जीपचा हॉर्न बसवला आहे. उरलेल्या जागेत त्यानेच ट्यूबचं रबर कापून इतकं नीट बसवून दिलं, की अजून हललेलं नाही.

*

नवा पिकअप घेऊन पहिला कार्यक्रम परत आसेगावलाच, भंडाऱ्याचा. गिटार अशी वाजली की मलाच विश्वास बसेना. घुमघुम नाही, खरखर नाही. डीपीशेजारी उभा राहून वाजवलं तरी शांत! दीड तास मी स्वतःवर खूश होतो.

कार्यक्रम संपल्यावर तेच कान टवकारणारे काका आले. मागे पाच-सहा जण. मला वाटलं कौतुक करायला आले.

थ्री फेज तासाभरापूर्वी येऊन गेली होती. कुणाला पत्ताच लागला नाही.

"हे गिटार कायची आणली?" काका म्हणाले. "मागच्या बारीची लय चांगली होती."

मी म्हणालो, काका, गिटार तीच आहे, फक्त आवाज साफ केला. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने केबल गुंडाळायला लागलो.

*

आता खरी परीक्षा. मास्तरांना हा साफ आवाज ऐकू येतो का?

सलीमने गॅरेजमध्ये बेत ठरवला. मास्तरांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. मी मागे गिटार घेऊन. गिटार ऐकू आली की मास्तरांनी हात वर करायचा. सुरू करायच्या आधी सलीम खुर्चीला हलकेच हात लावणार, आता ऐका म्हणून.

पहिल्यांदा वाजवलं, हात वर. दुसऱ्यांदा हात वर. हळू वाजवलं, वर. दहापैकी दहा! सलीम नाचायलाच लागला. त्याने गॅरेज तसंच उघडं टाकलं आणि जाऊन गरम जिलेबी घेऊन आला. मी पिकअपच्या कंपनीला मनातल्या मनात हात जोडले.

सुनंदाताईंनी जिलेबी घेतली नाही. त्यांनी मला खुणेने सांगितलं, तारांवर हात ठेव, वाजवू नको. मग सलीमला म्हणाल्या, खुर्चीला हात लाव.

सलीमने लावला. गिटार गप्प. मास्तरांनी हात वर केला.

मग ते खुर्ची फिरवून बसले. आमच्या तोंडांकडे बघून त्यांना सगळं समजलं. शाळेतही त्यांना असंच समजायचं.

"पोरहो, तुमी माह्यासाठी इतकं करून राह्यले," ते म्हणाले. "मी हात वर नसता केला तं तुमाले कसं वाटलं असतं?"

त्यांनीच मग पहिली जिलेबी उचलली, तुकडे करून आम्हा तिघांना दिले. मी माझा तुकडा कागदातच ठेवला.

*

हे मी राजूभाऊला फोनवर सांगितलं. खरं तर दुसरंच काहीतरी विचारायला केला होता. त्याने फोन ठेवला आणि पुढच्या रविवारी स्वतःच मोटारसायकल काढून मालेगावला हजर झाला. अकोल्याहून बारीक तारेचं रीळ आणलं होतं. ती तार उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हती. म्हणाला, मागच्या बारीला माझं चुकलं, मी मोटार भरली. आता गिटार भरू. मी ती ऐंशी वेढ्यांची डबी पुन्हा खोलून त्याच्या हातात दिली.

पण साडेसात एचपीच्या मोटारीची कॉइल हातोड्याने काढणारा तो हात. तार तीनदा तुटली. चौथ्यांदा तुटली तेव्हा त्याने अशी शिवी दिली, की सुनंदाताईंच्या दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी माप न देताच निघायची तयारी केली. हे सगळं त्यांच्याच दुकानात चाललं होतं, कारण टेबल तिथे होतं.

सुनंदाताईंनी त्याच्या हातातून डबी काढून घेतली. शिलाई मशीनला बॉबिन भरायचं चाक असतं, त्याच्यावर चिकटपट्टीने बसवली, पायाने हळूहळू मशीन चालू केलं आणि तार दोन बोटांतून सोडायला लागल्या. एकदाही तुटली नाही.

वेढे आठ हजार हवेत, राजूभाऊ म्हणाला. ते मोजणार कोण? त्यावर ताईंनी उपाय काढला. त्या गात गात मशीन चालवतात, पाय नेहमी त्याच लयीत पडतो. राजूभाऊने खडूची खूण करून हिशेब केला: एका गाण्याला साधारण हजार. म्हणजे आठ गाणी. ताईंनी भजन धरलं. आम्ही तिघं मोठे बाप्ये स्टुलांवर बसून गाणी मोजायला लागलो.

मध्येच एक बाई आल्या, तावातावाने. ब्लाउजची बाही घट्ट झाली होती आणि घरात लग्न. बाही उसवून, परत शिवून, बाईंना हसतं पाठवेपर्यंत अर्धा तास गेला. ताई परत मशीनवर बसल्या आणि विचारलं, कितवं झालं होतं? सलीम म्हणाला पाचवं. राजूभाऊ म्हणाला सातवं. मी मोजतच नव्हतो, मी गाणं ऐकत होतो.

ताईंनी आधीच्या वेढ्यांवरच पुन्हा पहिल्यापासून आठ गाणी म्हटली.

शेवटी शेवटी डबीत जागाच उरली नाही, तार काठाच्या वर आली. राजूभाऊ मात्र खूश. डबी कशी भरलेली पाहिजे म्हणाला, रिकामी जागा ठेवून कुणाचं भलं झालं? मी इतके व्हिडिओ पाहिले होते, की मला माहीत होतं काय होणार. वेढे असे जास्त झाले की आवाज जाड होतो, बोजड होतो, वरचं बारीक, चमकतं टोक सगळं मरतं. त्या व्हिडिओतले लोक असल्या पिकअपला चिखल म्हणतात.

मी हे बोललो नाही. एक माणूस पाऊण तास गाडी चालवून आलेला, एक बाई चौदा-पंधरा गाणी गाऊन घसा बसलेली, एकाने गॅरेज बंद ठेवलेलं. यातलं कुणीही माझ्यासाठी आलं नव्हतं आणि तरी हे सगळं माझ्याच पदरात पडत होतं. आयुष्यात मी असं काय केलं होतं की ही माणसं मला मिळाली, हे मला खरंच कळत नाही. मी सगळ्यांसाठी कचोरी सांगितली आणि डबी खिशात घातली.

*

पाडव्याचा रविवार. मास्तर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, हातात पेढ्यांचा पुडा. सुनंदाताईंना गाण्यांची जुनी वही दिली. सलीमला म्हणाले, डाव्या हाताची घाई कमी कर. मला काहीच म्हणाले नाहीत, फक्त गिटारच्या लाकडावरून एकदा हात फिरवला. त्यांनी खुर्चीसुद्धा घेतली नाही. येतो म्हणाले आणि दाराकडे निघाले.

सलीमने तोंड फिरवलेलं. काहीतरी करायला हवं म्हणून मी ॲम्प लावला, बटण ताईंनी भरलेल्या, आदल्या रात्री बसवलेल्या डबीवर टाकलं आणि नववीत त्यांनी पहिल्यांदा शिकवलेली धून वाजवायला लागलो. आवाज अगदी व्हिडिओवाले म्हणाले तसाच निघाला, जाड, घोगरा. वर मधूनमधून घुंऽऽ आहेच.

मास्तर दारात, आमच्याकडे पाठ, चप्पल पायात सरकवायला वाकलेले. कुणी त्यांना हात लावला नव्हता. एक चप्पल पायात गेली. दुसरी तशीच राहिली.

"थांब," ते म्हणाले.

मी थांबलो.

ते वळले. चेहरा लाल झालेला. शाळेत फळ्याजवळ उभं करायचे तेव्हा व्हायचा, अगदी तसा.

"तिसरी तार उतरली हाय तुही! दोन वर्षांपासून असाच बेसूर वाजवून राह्यला का बे?"

सुनंदाताईंनी वही छातीशी धरली. सलीमने धावत जाऊन खुर्ची आणली. मी खुंटीला हात लावला, पण तार काही केल्या जागेवर येईना.

मास्तरांनी पायातली एक चप्पल परत काढली, खुर्चीत बसले, आणि डोळे न मिटता म्हणाले, "चढव. अजून. हां. आता पहिल्यापासून घे."